‘माणूस असाच असायचा’ हे वाक्य कुणाच्या सोयीचं?

लाचखोरीचा विषय निघो, दंगलीचा निघो, नाहीतर बायकांवरच्या अत्याचाराचा. बोलणं जरा रंगात आलं की कुणीतरी सुस्कारा टाकतं आणि म्हणतं, ‘अहो, माणसाचा स्वभावच तो. त्याला कोण काय करणार?’ सगळे माना डोलावतात आणि विषय मिटतो. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी म्हणतात, ‘पूर्वीची माणसं अशी नव्हती हो.’ ही दोन वाक्यं एकमेकांना सरळ छेद देतात, तरी ती एकाच तोंडून येतात आणि कुणाला खटकत नाहीत. खटकत नाहीत, कारण दोन्हींचा उपयोग एकच आहे. आपल्याला काही करावं लागत नाही.

या दोन वाक्यांची परीक्षा घ्यायला मध्ययुगीन साहित्यासारखा साक्षीदार नाही. माणूस बिघडल्याचं खापर आज आपण ज्या ज्या गोष्टींवर फोडतो, त्यांतली एकही त्या काळात नव्हती. टीव्ही-मोबाइलचे पडदे नव्हते, जाहिराती नव्हत्या, आजच्यासारख्या निवडणुका नव्हत्या. शिवाय हा साक्षीदार बोलका आहे. ताम्रपट आणि सनदा राजाने कुणाला काय दिलं ते सांगतात. ते पाहून शेजाऱ्याला त्या रात्री झोप लागली का, हे कथा-काव्यच सांगतं. ही साक्ष काढली की ‘पूर्वीची माणसं अशी नव्हती’ हे सपशेल खोटं ठरतं, आणि ‘माणूस असाच असायचा’ हे अर्धं खरं ठरतं. मला खरं बोलायचं आहे ते उरलेल्या अर्ध्याबद्दल. पण आधी जे खरं आहे ते पाहू.

जेफ्री चॉसर या इंग्रज कवीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘कँटरबरी टेल्स’, म्हणजे यात्रेकरूंनी वाटेत एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींचं काव्य, लिहायला घेतलं आणि १४०० साली, ते पुरं होण्याआधीच, तो वारला. त्यातली एक गोष्ट अशी. प्लेगची साथ चालू आहे. तीन तरुण सकाळपासून गुत्त्यात बसलेत. बाहेर प्रेतापुढे वाजणारी घंटा ऐकू येते आणि दारूच्या भरात तिघं शपथ घेतात, की हा मृत्यू नावाचा चोर जिथे असेल तिथे गाठून त्याला ठार करायचं. वाटेत एक जख्ख म्हातारा भेटतो. तो सांगतो, मृत्यूच हवा असेल तर त्या झाडाखाली जा, मी त्याला तिथेच सोडून आलोय. झाडाखाली सोन्याच्या मोहरांची रास पडलेली असते. झालं, मृत्यू कुणाच्या लक्षातही राहत नाही. अंधार पडेपर्यंत राखण करायची म्हणून चिठ्ठ्या टाकून धाकट्याला गावात पाव आणि दारू आणायला पाठवतात. तो वळणाआड होताच मागचे दोघं ठरवतात, आला की त्याला संपवायचं; तीनाऐवजी दोन वाटे. आणि तो गावात औषधवाल्याकडे जाऊन उंदरांसाठी म्हणून विष मागतो. तीन बाटल्यांपैकी दोनमध्ये कालवतो, तिसरी स्वतःसाठी स्वच्छ ठेवतो. तो परत येतो, मारला जातो. मारणारे दोघं ‘आधी जरा बसू, घोटभर घेऊ’ म्हणून बाटली उघडतात.

ही गोष्ट चॉसरची नाही. त्याच्या कित्येक शतकं आधी पाली जातकांमध्ये ती आहे. वेदब्भ जातकात एका ब्राह्मणाला आकाशातून रत्नांचा पाऊस पाडणारा मंत्र येत असतो, आणि त्या धनापायी दरोडेखोरांच्या टोळ्या एकमेकांना कापत जातात. शेवटी दोघंच उरतात. एक तलवार घेऊन धनाजवळ बसतो, दुसरा गावात जाऊन भात रांधून आणतो. भातात विष असतं. आणणाऱ्याच्या मानेवर तलवार पडते. गंगेच्या खोऱ्यातून इंग्लंडपर्यंतच्या प्रवासात या गोष्टीतला देव बदलला, धर्म बदलला, भाताचा पाव झाला. गोष्टीचा कणा मात्र कुणाला बदलावा लागला नाही. तिघांतल्या एकालाही असं वाटत नाही, की समोरच्याच्या डोक्यातही हेच शिजत असेल. लोभाचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. लोभी माणूस दुष्ट असतो हे सगळेच सांगतात. तो आंधळा असतो, आपण सोडून बाकी सगळे भोळे आहेत असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं, हे या गोष्टीने पकडलं आहे.

आणि ही गोष्ट चॉसर कुणाच्या तोंडी घालतो? पापमुक्तीची पत्रं विकत फिरणाऱ्या एका चर्चच्या माणसाच्या. त्याच्याजवळ काचेच्या भांड्यात डुकराची हाडं आहेत, ती तो संतांचे अवशेष म्हणून खपवतो. लोभ हे सर्व पापांचं मूळ, हा त्याचा प्रवचनाचा ठरलेला विषय, कारण तो ऐकून लोकांच्या थैल्या सैल होतात. हे सगळं तो सोबतच्या यात्रेकरूंना मोकळेपणी सांगून टाकतो, आणि गोष्ट संपल्यावर त्याच यात्रेकरूंपुढे आपला माल मांडतो! आपण मराठीत मध्ययुगाची हद्द पेशवाईच्या अखेरीपर्यंत नेतो, त्यामुळे सतराव्या शतकातल्या तुकोबांनाही या साक्षीला बोलावता येतं. ‘ऐसे कैसे जाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधु ॥ अंगा लावूनियां राख । डोळे झांकुनी करिती पाप ॥’ दोन धर्म, दोन खंड, मध्ये अडीचशे वर्षं. माल विकणारा तोच आणि तो ओळखणारी नजरही तीच. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. लबाडी जितकी जुनी, तितकीच लबाडीची चीडही जुनी आहे. ‘स्वभाव’ म्हणताना आपण नेहमी पहिलीच का धरतो?

लोभाचा एक सौम्य नमुना जपानमधल्या केन्को या भिक्षूने १३३० च्या सुमारास टिपून ठेवला आहे. डोंगरातल्या आडवाटेने जाताना त्याला एक एकाकी झोपडी दिसते. पानांखाली गडप झालेल्या नळातून पाण्याचे थेंब पडतायत, तेवढाच आवाज. देवापुढे फुलं आहेत. माणूस असाही राहू शकतो, म्हणून केन्कोचं मन भरून येतं. तेवढ्यात त्याला अंगणात संत्र्यासारख्या फळांनी वाकलेलं झाड दिसतं, आणि त्या झाडाभोवती घातलेलं कडेकोट कुंपण. हे झाड इथे नसतं तर किती बरं झालं असतं, असं तो लिहितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. सगळं सोडून डोंगरात आलेल्याचंही एक झाड उरतंच.

पण स्वभाव म्हणजे फक्त लोभ नव्हे, आणि मध्ययुगाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज लोभाबद्दल नाहीच. तो दुःखाबद्दल आहे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली असं मांडलं, की मध्ययुगीन समाजात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती. मुलं इतकी दगावत, की त्यांच्यात फार जीव गुंतवणं लोकांना शक्य नव्हतं. नंतरच्या इतिहासकारांनी ही मांडणी बरीच खोडून काढली, तरी तिचा पगडा अजून आहे. ‘त्या काळी मूल गेलं तर लोकांना आजच्याइतकं वाटत नसे’ हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी मी ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मला आइसलंडचा एगिल आठवतो.

एगिल स्काल्लाग्रिम्सन हा दहाव्या शतकातला कवी आणि कसलेला मारेकरी. त्याची गाथा तेराव्या शतकात लिहिली गेली. त्याचा मुलगा बोद्वार समुद्रात बुडून मरतो. एगिल प्रेत घोड्यावर घेऊन जातो, बापाच्या थडग्यात पुरतो, घरी येतो आणि आपल्या बिछान्याच्या खोलीचं दार आतून लावून घेतो. अन्नपाणी बंद. कुणाची बोलायची छाती होत नाही. तिसऱ्या दिवशी बायको लेकीला निरोप धाडते. थोरगेर्द येते आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, मी जेवणार नाही, वडील जातील तिकडेच मीही जाणार. बाप दार उघडतो. ‘बापाबरोबर मरायला आलीस, चांगलं केलंस,’ म्हणतो. थोड्या वेळाने ती काहीतरी चघळताना त्याला ऐकू येते. काय खातेस? समुद्रातलं शेवाळ, ती सांगते, याने मरण लवकर येतं. मग मलाही दे. शेवाळ खारट; तहान लागते. ती पाणी मागवते, शिंगातून बापाला प्यायला देतात, तो मोठा घोट घेतो, आणि शिंगात दूध निघतं. ‘आपल्याला फसवलं,’ लेक म्हणते. ‘आता असं करू. तुम्ही बोद्वारवर कविता रचा, मी ती लाकडावर कोरते, मग वाटलं तर मरू. दुसरं कोण रचणार त्याच्यावर कविता?’ तो नाइलाजाने सुरुवात करतो. जीभ उचलत नाही, शब्द जड झालेत, असंच पहिलं कडवं आहे. पुढे तो समुद्राच्या देवावर खवळतो: तुझ्यावर तलवार चालवता आली असती तर तुझा निकाल लावला असता, पण मी म्हातारा, पाठीशी माणूस नाही. कविता पुढे सरकते तसं त्याच्या अंगात बळ येतं, आणि ती संपते तेव्हा तो उठून आपल्या जागेवर जाऊन बसतो.

दुःखाने दार लावून घेतलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, हे थोरगेर्दला कुणी शिकवलं नव्हतं. ‘जेवा हो थोडं’ असं ती एकदाही म्हणत नाही. आधी त्याच्या बाजूला जाऊन बसते, मग हळूच तोंडाला काही लावते, मग हातात असं काम देते जे त्याच्यावाचून अडलं आहे. हजार वर्षांत यात भर घालावी असं आपल्याला फारसं काही सापडलेलं नाही.

चौदाव्या शतकातल्या एका अनाम इंग्रज कवीने ‘पर्ल’ नावाचं काव्य लिहिलं. दोन वर्षांचीही न झालेली मुलगी गेलेला बाप स्वप्नात तिला नदीच्या पलीकडे पाहतो. ती आता स्वर्गाची राणी आहे, आणि बाप तिच्याशी चक्क वाद घालतो: तू दोन वर्षंसुद्धा आमच्यात नव्हतीस, तुला साधी प्रार्थना म्हणता येत नव्हती, आणि पहिल्याच दिवशी राणी? धर्माने दिलेलं सांत्वन त्याला समजतं, पण पुरत नाही. अखेर तो नदीत उडी घ्यायला धावतो आणि जागा होतो. रशियातल्या नोव्हगोरोदच्या चिखलात बर्चच्या सालीवरची पत्रं सापडली आहेत, त्यांतलं एक अकराव्या शतकाच्या शेवटाचं, एका बाईने प्रियकराला लिहिलेलं. तीनदा तुला निरोप धाडला, आला नाहीस. माझ्याबद्दल मनात कसला राग आहे? ते पत्र फाडलेल्या अवस्थेत मिळालं. आणि आपल्याकडे नाथांच्या भारुडात सून भवानीला रोडगा कबूल करते, बदल्यात सासऱ्यापासून दादल्यापर्यंत एकेकाची वासलात लावायला सांगते आणि शेवटी म्हणते, ‘एकटीच राहूं दे मला’. त्यातलं अध्यात्म निराळं, सासू-नणंदा म्हणजे मनाची बंधनं, हे खरंच आहे. पण रूपकासाठी नाथांनी हेच घर निवडलं, कारण समोर बसलेल्या बायांना ते क्षणात कळणार होतं.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग सिद्ध झालं की, माणूस असाच. आता त्याच एगिलकडे पुन्हा बघा. हाच एगिल सहा-सात वर्षांचा असताना चेंडूच्या खेळात हरतो, आणि ज्याने हरवलं त्या मुलाच्या डोक्यात कुऱ्हाड घालून त्याला मारतो. आई काय म्हणते? पोरगा खरा व्हायकिंग होणार, वयात आला की याला जहाजं द्यायला हवीत. गाथेत हे कौतुकाने आलं आहे. मुलाच्या मृत्यूने खोलीचं दार लावून घेणारा बाप आपल्याला ओळखीचा वाटतो. मुलाने केलेल्या खुनावर खूश होणारी आई परकी वाटते. दोघं एकाच घरातली, एकाच गाथेतली आहेत. ‘स्वभाव बदलत नाही’ म्हणणारे पहिल्या प्रसंगाकडे बोट दाखवतात आणि दुसरा गाळतात. काही अभ्यासक उलट करतात, दुसरा दाखवून म्हणतात की ती माणसं आपल्याहून मुळातच निराळी होती. दोघांशीही माझं पटत नाही. राग तोच आहे. हरल्यावर सात वर्षांच्या पोराला येणारा संताप आजही कुठल्याही मैदानावर दिसेल. बदललं आहे ते एवढंच, की पोराच्या हाताशी कुऱ्हाड नसते, आणि ती चालवल्यावर जहाज बक्षीस मिळत नाही.

हे ‘एवढंच’ किती मोठं आहे, ते आकड्यांत दिसतं. मॅन्युअल आयझ्नर या अभ्यासकाने युरोपातल्या जुन्या न्यायदप्तरांवरून खुनांचे अंदाज बांधले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात वर्षाला लाख लोकांमागे साधारण २० ते ४० खून. आज पश्चिम युरोपात सुमारे १. सहाशे-सातशे वर्षांत माणसाचं काळीज बदललं, असं कुणी म्हणणार नाही. न्यायालयं बदलली, सूड घेण्याचा अधिकार घराण्यांकडून काढून घेतला गेला, हत्यार बाळगण्याच्या रीती बदलल्या. माणूस तोच ठेवून खून इतक्या पटींनी कमी झाले. ‘त्याला कोण काय करणार?’ या प्रश्नाला इतकं सडेतोड उत्तर दुसरं नाही.

आणि मध्ययुगातल्या माणसांना हे कळत नव्हतं असंही नाही. १२१० च्या सुमारास गोटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या जर्मन कवीने ट्रिस्टान आणि इझोल्डेची कथा सांगितली. इझोल्डेवर व्यभिचाराचा आरोप आहे आणि तो खराही आहे. तापलेलं लोखंड हातात धरून तिला दिव्य करायचं आहे. ती ट्रिस्टानला यात्रेकरूच्या वेषात बोलावते, नावेतून काठावर उतरवून घेण्यासाठी त्याच्या हातांवर बसते, आणि तो ठरल्याप्रमाणे तिच्यासकट पडतो. मग ती शपथ घेते: माझा नवरा आणि आत्ता तुम्ही सर्वांनी पाहिलेला तो गरीब यात्रेकरू, यांच्याशिवाय कुणी पुरुष माझ्या कुशीत आलेला नाही. शब्दाला शब्द खरा. लोखंड हाताला पोळत नाही, आणि कवी टिप्पणी करतो की ख्रिस्तसुद्धा वाऱ्याने हलणाऱ्या बाहीसारखा हवा तसा वळतो. म्हणजे ही न्यायाची रीत लबाडाला सहज वाकवता येते, हे एक कवी भर दरबारी श्रोत्यांना सांगत होता. १२१५ साली चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना अशा दिव्यांत भाग घ्यायला बंदी केली. पाद्र्याच्या आशीर्वादाशिवाय दिव्य चालेना, आणि इंग्लंडमध्ये ज्युरीपुढे खटला चालवण्याची पद्धत रुजली. कवितेमुळे कायदा बदलला असं मी म्हणत नाही. माणूस शपथेतूनही पळवाट काढतो, हे एकदा मान्य केलं की शपथेवर सगळा भार टाकणारी व्यवस्था टिकत नाही, एवढंच म्हणतो. खोटं बोलण्याची खोड तशीच राहिली. ते पकडण्याची रीत सुधारली.

प्लेगच्या वर्षांत ही गोष्ट अगदी उघडी पडते. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये साथ आली, आणि बोकाच्चो या लेखकाने ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहाच्या सुरुवातीला शहराचं काय झालं ते लिहिलं. काहींनी दारं बंद करून मोजकं खाऊन राहायचं ठरवलं. काही दिवसरात्र पीत सुटले. काही नाकाशी फुलं आणि सुवासिक पाला धरून हिंडले. काहींनी सरळ शहर सोडलं. भावाने भावाला टाकलं, बायकोने नवऱ्याला, आणि विश्वास बसू नये अशी गोष्ट म्हणजे आईबापांनी मुलांना टाकलं, असं तो लिहितो. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नोकरांनी मागतील ती मजुरी घेतली. २०२० नंतर हे प्रकरण वाचणाऱ्याला एकही प्रकारचा माणूस नवा वाटणार नाही. भीतीबरोबर तिचं भावंडही आलं. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं म्हणून साथ आली, अशी अफवा उठली. पोप सहावा क्लेमंट याने १३४८ मध्येच फर्मान काढून सांगितलं, की ज्यू स्वतः या रोगाने मरतायत आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही साथ आहे. तरी १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना जाळण्यात आलं. त्यांचं येणं बुडालं, गहाण वस्तू कर्जदारांना परत मिळाल्या. ज्यूंना मारलं ते खरं म्हणजे पैशाने, असं तिथल्या बखरकारानेच नोंदवलं आहे.

आता त्याच साथीचं दुसरं टोक पाहा. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली नियम केला: साथीच्या मुलखातून येणाऱ्याने गावात शिरण्याआधी तीस दिवस बाहेर काढायचे. व्यापाऱ्यांनी सज्जन व्हावं, आपण कुठून आलो ते खरं सांगावं, गावकऱ्यांनी घाबरू नये, यातलं काहीही त्या नियमाने मागितलं नाही. व्यापारी खोटं बोलणार आणि गावकरी घाबरणार, हे धरूनच तो केला होता. १४२३ साली व्हेनिसने एका बेटावर साथरोग्यांसाठी कायमचं रुग्णालय उभारलं. मला या दोन गोष्टी मध्ययुगातल्या कोणत्याही युद्धविजयाहून मोठ्या वाटतात. माणूस भित्रा आहे या एकाच माहितीवर स्ट्रासबुर्गने चिता रचली आणि रागुसाने वेशीबाहेर तीस दिवसांचा मुक्काम.

‘स्वभाव’ या नावाखाली आणखी एक लबाडी खपवली जाते, आणि तिचा मला सर्वांत जास्त राग येतो. रूढीलाच स्वभाव म्हणायचं. चॉसरच्याच यात्रेत बाथ गावची एक बाई आहे. तिचा पाचवा नवरा तिला रोज रात्री दुष्ट बायकांच्या गोष्टींचं पुस्तक वाचून दाखवतो. ती विचारते, सिंहाचं चित्र काढलं कुणी, सांगा? चित्रात माणूस सिंहाला लोळवतो, कारण चितारी माणूस आहे. गोष्टी बायकांनी लिहिल्या असत्या तर पुरुषांच्या दुष्टपणाला पाटी पुरली नसती. तिच्यानंतर थोड्याच वर्षांत, १४०५ मध्ये, क्रिस्तीन द पिझान या बाईने खरोखरच लेखणी उचलली. पंचविशीत विधवा झालेली, तीन मुलं आणि आई यांचं पोट लेखनावर भरणारी ही पॅरिसची लेखिका. स्त्रियांच्या नगरीबद्दलच्या ग्रंथात ती लिहिते, की मुलींनाही मुलांसारखं शाळेत घालण्याची आणि शास्त्रं शिकवण्याची रीत असती, तर त्या तितक्याच उत्तम शिकल्या असत्या. बायकांची बुद्धी कमी हा निसर्ग आहे, असं सगळी विद्यापीठं शिकवत होती तेव्हा एका बाईने सांगितलं, की हा निसर्ग नाही, शाळेच्या दाराला लावलेली कडी आहे. तिला बरोबर ठरवायला आपण कित्येक शतकं घेतली.

म्हणून कुणी कशाला ‘माणसाचा स्वभाव’ म्हटलं तर मी एक कसोटी लावतो. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या मुलखांच्या जुन्या साहित्यात ती गोष्ट सापडते का? मुलाच्या मृत्यूने कोसळलेला बाप आइसलंडमध्ये सापडतो, इंग्लंडमध्ये सापडतो, आणि कुठलीही भाषा घ्या, तिथे सापडेल. कुंपण घातलेलं झाड आणि राख फासलेला भोंदू सगळीकडे आहेत. पण खुनाबद्दल पोराला जहाज देणं, शिक्षणाचं दार अर्ध्या माणसांना बंद ठेवणं, कुणी जन्मानेच कुणाची मालमत्ता असणं, यांचं रूप मुलखागणिक आणि शतकागणिक बदलतं, कुठे वाढतं, कुठे नाहीसं होतं. जे नाहीसं होऊ शकतं त्याला स्वभाव म्हणून माफी देण्याचं कारण नाही.

यावर संतपरंपरा मानणारा वाचक म्हणेल, नुसत्या व्यवस्था बदलून काय होणार, मन बदलायला हवं. ज्ञानेश्वरांनी १२९० साली खळांचा नाश मागितला नाही, ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलं. माणूस आणि त्याचा वाकडेपणा वेगळे करता येतात, हा त्यामागचा विश्वास. तो विश्वास मी मोडीत काढणार नाही. एगिलला खोलीबाहेर काढलं ते कायद्याने नव्हे, लेकीच्या मायेने. पण व्यंकटी सांडेपर्यंत मधल्या काळात ज्याची मान सुरीखाली आहे, त्याला आपण काय सांगणार? मन बदलण्याची वाट पाहायची चैन त्याला परवडत नाही.

सत्याच्या बाबतीतही हेच. रागुसाने नियम केला त्याच १३७७ साली उत्तर आफ्रिकेत इब्न खल्दून हा इतिहासकार ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ लिहीत होता. साथीत आईबाप गमावलेला हा माणूस. इतिहासात खोट्या बातम्या का शिरतात, याचं त्याने दिलेलं पहिलं कारण असं: मन एखाद्या मताच्या किंवा पंथाच्या बाजूला झुकलेलं असलं, की त्याला अनुकूल बातमी ते क्षणाचाही विचार न करता खरी मानतं, आणि तो कल चिकित्सेच्या डोळ्यावर पडदा टाकतो. आज मोबाइलवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचं वर्णन यात आहे. पण इब्न खल्दून कपाळाला हात लावून बसत नाही. तो बातमी तपासण्याची रीत सांगतो: सांगणारा विश्वासू आहे का हे पुरेसं नाही, सांगितलेली गोष्ट मुळात घडू शकते का ते आधी पाहा. एवढ्या लाखांचं सैन्य त्या मुलखात मावेल तरी का, असले प्रश्न तो विचारतो.

राहता राहिला एक खरा अडथळा. नियम करणारेही माणसंच, त्याच लोभाची आणि त्याच भीतीची. मग राखणदाराची राखण कोण करणार? हा प्रश्नही मध्ययुगाने विचारला आहे. विल्यम लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातल्या इंग्रज काव्यात उंदरांची सभा भरते. मांजर फार छळतं, त्याच्या गळ्यात घंटा बांधू, असं ठरतं. बांधायला कुणी पुढे येत नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लँग्लंडने मात्र पुढे एका चिमुकल्या, शहाण्या उंदराचं भाषण घातलं. तो म्हणतो, घंटा राहू द्या. हे मांजर मेलं तरी दुसरं येईल. आणि मांजर नसलं तर आपण उंदीरच लोकांचं धान्य नासू, कपडे कुरतडू. आपला स्वभावच तसा. या स्वप्नाचा अर्थ तुम्हीच लावा, माझी हिंमत नाही, असं म्हणून कवी पुढे जातो. सहाशे वर्षांपूर्वी ‘माणूस असाच’ हे वाक्य मांजराच्या उपयोगी पडताना त्याने पाहिलं होतं.

अभ्यासक या सभेचा संबंध १३७६ च्या इंग्लंडच्या संसदेशी जोडतात. त्या संसदेत सामान्यांच्या सभागृहाने इतिहासात पहिल्यांदा राजाच्या माणसांवर महाभियोग चालवला. लॉर्ड लॅटिमर आणि रिचर्ड लायन्स नावाचा व्यापारी, दोघांना राजाच्या पैशात हात मारल्याबद्दल जाब द्यावा लागला. चिमुकल्या उंदराचं भाकीत लवकरच खरं ठरलं. १३७७ च्या संसदेत बहुतेक निर्णय फिरवले गेले, सभागृहाचा प्रवक्ता पीटर द ला मेअर तुरुंगात होता. पण रीत एकदा पडली होती. १३८६ साली सामान्यांच्या सभागृहाने तीच पुन्हा बाहेर काढली, आणि या वेळी समोर उभा होता खुद्द राजाचा चॅन्सेलर, म्हणजे बडा मंत्री, मायकेल द ला पोल.